मागच्या साली भरलेला गॅस

आष्टी तालुक्यातल्या कडा या बाजारगावाजवळच्या एका खेड्यातल्या दूध संकलन केंद्रावर मी दुधाच्या दराची बातमी करायला गेलो होतो. एप्रिलचा दिवस होता. दूध थंड ठेवणारा कूलर सकाळीच बिघडला होता. कंप्रेसर फिरत होता, पण टाकी गार होईना. आत गावाचं सकाळचं दूध होतं. टँकर दुपारी येणार होता आणि नासलेलं दूध तो घेत नाही.

आष्टीहून मोटारसायकलवर मेकॅनिक आला. दूध संस्थेचे चेअरमन त्याला म्हणाले, "वरून गॅस भर अन् मोकळा हो. दर उन्हाळ्यात भरतोच की."

"मागच्या साली भरलेला कुठं गेला, मालक?"

"मला काय इचारतो बे? उडाला असंल."

चेअरमननी आभाळाकडे बोट केलं. जमलेली माणसं हसली.

मेकॅनिकने नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावला. एका जागी बुडबुडे आले; तिथल्या बारीक भेगेतून गॅस गळत होता. भेग जोडायची तर उरलेला गॅस आधी बाहेर काढावा लागतो. नट सैल केला की तो पाच मिनिटांत हवेत जातो, आणि बहुतेक जण तेच करतात. हा गॅस ओझोनचा थर विरळ करतो, हवाही तापवतो. आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. मेकॅनिकने कॅरिअरवरून गॅस खेचून घेणारं यंत्र आणि रिकामा सिलिंडर खाली उतरवला. प्रशिक्षणात शिकवलेली ही रीत तो एकटाच असतानाही पाळायचा, हे मला नंतर कळलं.

"सोड की हवेत. कोण बघायला येतंय इथं?" चेअरमन म्हणाले.

"कोणी न्हाई येत," म्हणत त्याने नळ्या जोडल्या.

केंद्र चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, "किती येळ?"

"तीन तास. नुसता भरला तर आत्ता चालंल, पुन्हा गळंल."

गावाला उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. त्यांनी चेअरमनकडे पाहिलं नाही. कड्याला बर्फासाठी टेम्पो पाठवला, दूध कॅनांत काढलं आणि कॅन बर्फ टाकलेल्या पाण्याच्या हौदात उतरवायला लावले.

पर्यावरणदिनाची भाषणं मी पुष्कळ टिपून घेतली आहेत. कोणी तपासणार नसताना नियम पाळणारा माणूस मात्र त्या दिवशी पाहिला. त्याने भेग जोडली, दाब देऊन तपासली, नळ्यांतली हवा काढली आणि गॅस काट्यावर तोलून भरला. टाकी गार होऊ लागली तोवर टँकर आला होता.

ड्रायव्हरने एकेक कॅन तपासून घेतला. हौदाबाहेर राहिलेला एकच कॅन नासला होता. तो बाईंच्या घरचा होता; त्यांचं दूध सकाळी टाकीत ओतायचंच राहिलं होतं.

"कावून गं, तुझाच बाहेर राहिला?" चेअरमननी विचारलं.

"लोकांचे आधी ठेवले. जागा उरली न्हाई."

मेकॅनिक भरलेला सिलिंडर कॅरिअरला बांधत होता. बाई त्याला म्हणाल्या, "च्या घेऊन जावा, दादा. दूध शेजारून आणते."