घरच्या काहिलीला टायर नाही

"बिडी ओढता?"

"न्हाई."

"तंबाखू? मावा?"

"आवं मॅडम, सुपारीबी खात न्हाईत हे," शालन, पेशंटची बायको, माझ्यावर वैतागूनच म्हणाली.

कॅज्युअल्टीतल्या कॉटवर तानाजी घामाने भिजून पडला होता. ईसीजीत हार्ट अटॅक स्पष्ट होता. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने काटक. शुगर नाही, बीपी नाही, घरात कुणाला हृदयविकार नाही. मलकापूरला आमचं हॉस्पिटल आहे. शिराळ्याकडच्या गावातून त्याला त्याच्या मालकांनी स्वतः गाडी हाणत आणलं होतं. ते रिटायर्ड सुभेदार. वेळेत आणलं म्हणून माणूस वाचला, हे श्रेय त्यांचंच.

मनगटातून बारीक नळी घालून अँजिओग्राफी केली. म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्या एक्स-रेवर पाहिल्या. मुख्य वाहिनी बंद होती. ती स्टेंट घालून उघडली. पण बाकीच्या दोन वाहिन्याही एखाद्या म्हाताऱ्याच्या असाव्यात इतक्या खराब होत्या. ते मला पटेना.

दुसऱ्या दिवशी राउंडला विचारलं, "काम काय करता?"

"गुऱ्हाळावर असतोय. चुलवाणाला जाळ घालतो."

गूळ ज्या मोठ्या कढईत शिजतो ती काहील, आणि तिच्या खालची भट्टी म्हणजे चुलवाण.

"जाळता काय?"

"चिपाडं. रस काढून राहिलेली." मग आवाज खाली आला. "आन टायर. ओली चिपाडं नुसती धुपत्यात. टायरचा तुकडा टाकला की जाळ कसा धडाडतोय."

"किती वर्षं?"

"लगीन व्हायच्या आधीपास्नं."

धूर म्हटलं की लोकांना खोकला, दमा एवढंच आठवतं. पण धुरातले अगदी बारीक कण फुप्फुसात थांबत नाहीत. काही थेट रक्तात उतरतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला सूज येते, तिथे चरबी धरते, रक्त लवकर गोठतं. एका दिवसात काहीच होत नाही. वर्षानुवर्षं होत राहतं, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही.

दुपारी सुभेदार केबिनमध्ये आले.

"मॅडम, हंगाम चालू हाय. तानाजी कवा उभा ऱ्हाईल?"

"चालेल-फिरेल लवकरच. चुलवाणापुढे मात्र पुन्हा कधीच नाही."

"धुरानं झालं म्हणता? पक्कं?"

"एकाच माणसाकडे बोट दाखवून पक्कं सांगता येत नाही. पण दुसरं एकही कारण मला सापडलेलं नाही."

"मंग! मीबी तिथंच असतोय की दिवसभर. मला काय झालंय?"

"कुठे बसता?"

"शेडच्या बाहेर. वाऱ्याच्या बाजूला."

असं म्हणत त्यांनी पिशवीतून गुळाची छोटी ढेप काढून टेबलावर ठेवली. मोठ्या मायेने ठेवली.

"बिनघोर खावा. घरच्या काहिलीचा हाय, घरी खायला काढतो त्यातला. घरच्या काहिलीला आमी टायर घालत न्हाई, नुसती वाळली चिपाडं. गुळाला वास बसतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे गुळाला वास बसतो हे तुम्हाला माहीत आहे. आणि ज्याचं तोंड दिवसभर त्या धुरात असतं, त्याच्या छातीत काय बसतं? तो काय दगडाचा आहे?"

"तसं न्हवं मॅडम. रोजच्या काहिलीला वाळली चिपाडं कुठनं पुरवायची?"

"ओली वाळत घाला. शेड वाढवा. ते जमत नसेल तर काहील उतरवा खाली!"

माझा आवाज बाहेर बाकड्यांपर्यंत गेला असणार. जाऊ दे गेला तर. ढेप मी त्यांच्या पिशवीत परत घातली. सुभेदारांची मान खाली गेली. उठताना म्हणाले, "तानाजीला जाळावर बसवणार न्हाई. फौजी माणसाचा शब्द हाय."

मला बरं वाटलं. निदान एक माणूस तरी सुटला, असं वाटलं.

फॉलोअपला तानाजी एकटाच आला. तब्येत सुधारली होती. आता तो गोदामात ढेपा बांधायला बसत होता.

"शालन नाही आली?"

"ती कशी येणार? हंगाम हाय. माज्या जागी जाळाला आता तीच बसती."

"आणि टायर?"

तो पायातल्या चपलेकडे बघत राहिला.

सुभेदारांनी शब्द तंतोतंत पाळला होता. मी तिथल्या तिथे त्यांना फोन लावला.

"शालनला उद्या पाठवा. ईसीजी काढायचा आहे."

"आँ? तिला काय झालंय?"

"अजून काही नाही. टायर चालू ठेवा, होईल."

त्यांनी फोन ठेवला. शालन मात्र दुसऱ्या दिवशी आली. डोळे लाल, पदराला रबराचा वास. ईसीजी नॉर्मल निघाला, तशी ती हसली. "बगा, मला काय हुतंय?" म्हणाली, आणि शिराळ्याची एसटी पकडायला घाईने निघाली.

मला या पेशाने एवढंच शिकवलं. बंद वाहिनी मी तासाभरात उघडू शकते. घरच्या काहिलीचा नियम रोजच्या काहिलीला लावणं हे त्याहून कितीतरी सोपं काम आहे, आणि ते अजून झालेलं नाही.