आडव्या बांबूवरून आलेलं आवतण

असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यात विषय फिजिक्स... त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. तरी घडलं तसंच सांगतो.

मी वाशीमला बी.एस्सी.ला आहे. गाव आसेगाव, तालुका मंगरूळपीर. गेल्या वर्षी उन्हाळ्यात बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्यांचं बोलणं एकट्या मायला समजायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि त्यांना जेवणाचं आवतण देतात. हे काम बाबांनी कधी कोणाला करू दिलं नव्हतं. पोळा आठ-दहा दिवसांवर आला तेव्हा काका म्हणाले, "औंदा मी देतो." बाबांनी नकाराची मान हलवली. बैलांना घरी आणू म्हटलं, त्यालाही नाही. माय म्हणाली, "थे म्हंते, आवतन ज्याच्या त्याच्या दारी द्या लागते." गोठा गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्याजवळ. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मग मी कॉलेजातल्या जुन्या सामानातून एक छोटा ट्रान्समीटर जोडला. माईक बाबांच्या खाटेवर, रिसीव्हर गोठ्यात. दोन्हीकडे एरियल म्हणून उभ्या बांबूला तांब्याची तार. आमच्या प्राध्यापकांनी बजावलं होतं — दोन्ही तारा एकाच दिशेत हव्यात. एक उभी, एक आडवी झाली तर लहरी पकडल्याच जाणार नाहीत. याला ध्रुवीकरण म्हणतात. मी स्वतः पाहिलं. दोन्ही उभ्या, तर घरातला काकांचा खोकला गोठ्यात ऐकू यायचा. एक आडवी केली की नुसता खरखराट.

काका मला हसले. "बैलाले समजन काय रे तुह्या डब्ब्यातलं?"

"आवाज बाबांचा आहे ना काका."

"मंग पाह्य बाप्पा. नाई समजलं तर तूच हंबरजो."

त्या संध्याकाळी बटण दाबायला माय घरी थांबली. मी आणि काका गोठ्यात बांड्या आणि चांद्या या आमच्या बैलांचे खांदे मळत होतो. रिसीव्हर खरखरत होता... आणि एकदम खरखर थांबली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बाबांचा आवाज. पण आजाराआधीचा — शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा, एकही अक्षर न अडखळणारा. बांड्यानं रवंथ थांबवला, मान वर केली. काकांचा तुपाचा हात तसाच त्याच्या खांद्यावर राहिला. ते म्हणाले, "दादा बोलला रे."

मी पळत घरी आलो. बाबा रडत होते, माय पदरानं त्यांचं तोंड पुसत होती. मी एरियल पाहिली, तर जागेवर नव्हती.

"माय, बांबू कुठी हाय?"

"खाटेखाली. दुपारीच ठेवला आडवा. बिमार माणसाच्या उशाशी उभा बांबू कायले? तिरडीची याद येते."

"आणि बाबा काय बोलले?"

ती हळूच म्हणाली, "कुठी बोलता आलं त्यायले. ‘आज... आ...’ एवढंच निंगालं. मंग रडू आलं."

दुसऱ्या दिवसापासून मी तो बांबू तसाच खाटेखाली आडवा ठेवून कितीदा तरी पाहिलं. माय बोलली, काका बोलले. गोठ्यात खरखराटाशिवाय काही आलं नाही. प्राध्यापक म्हणाले, भिंती-पत्र्यांवर आपटून थोड्या लहरी दिशा बदलतात, काही पोचलं असेल. मी विचारलं, "आणि सर, जे बोललंच गेलं नाही ते?" त्यांनी मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

आता बाबा घरी येणाऱ्या प्रत्येकाला डाव्या हातानं माझ्याकडे दाखवतात, आणि माय त्यांचं बोलणं सांगते, "म्हंते, पोरानं माहा आवाज गोठ्यात नेला." मी मान खाली घालून बसतो. आडव्या बांबूवरून आवाज जायलाच नको होता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्यांना वाचता येत नाही, म्हणूनच इथे लिहू शकलो.