आबांचा रबरी चेंडू

धारोष्ण दुधाचा वास आला की मला कान्हे गावातला आमचा गोठा आठवतो. आबा, म्हणजे माझे वडील, आयसीयूतून वाचून घरी आले, पण त्यांच्या हातात चहाचा कपही राहीना. बोटांत ताकद यावी म्हणून मी दाबायला दिलेला रबरी चेंडू धूळ खात पडला होता आणि आबा रोज सकाळी वॉकर घेऊन गोठ्याकडे सटकत. डॉक्टरांनी बंद केलेली तंबाखू तिथे मळतात, या संशयाने मी एकदा मागोमाग गेले. आबा स्टुलावर बसून गाईची धार काढत होते. "तुझा चेंडू दूध देतो व्हय गं?" ते म्हणाले. बादलीत पडणारी धार बारीक होती, पण तुटत नव्हती. तिथे तंबाखूचाही वास होता, असं मात्र मला आजही वाटतं.