कुरवंड्याच्या ढगातली अकरा मिनिटं

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, पण आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं. कारण सरळ आहे — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. निदान मागच्या ऑगस्टपर्यंत तरी नव्हता.

मी तळेगाव दाभाडेला राहते. पीएचडी झाली, आता पोस्टडॉक करतेय. हवेतली धूळ, धूर, समुद्राकडून घाट चढून येणारे मिठाचे कण... यांचा आपल्या भागातल्या ढगांवर काय परिणाम होतो, ते कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये बसवायचं, हे माझं काम. ढगातला प्रत्येक थेंब कुठल्यातरी बारीकशा कणावर धरलेला असतो. कणच नसतील तर ढग धरत नाही. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

मॉडेल बरोबर सांगतंय की नाही हे बघायला प्रत्यक्ष मोजावं लागतं. म्हणून लोणावळ्याजवळ कुरवंड्याला, गावाच्या कडेच्या एका घरामागे आम्ही कण मोजायचं यंत्र बसवलं होतं. घर गौतमभाऊंचं. भाऊ रेल्वेत गँगमन होते, सगळी नोकरी घाटातल्या रुळांवर झाली. आता घरी ते आणि सुमनमावशी दोघंच. चुलीचा धूर यंत्रात जाऊ नये म्हणून ते घराच्या मागच्या भिंतीपासून तीसेक पावलं लांब, सपाट कातळावर, एका लोखंडी खांबाला लावलं होतं. भाऊ रोज सकाळी जाऊन त्याची जाळी फडक्याने पुसायचे आणि मला फोन करायचे, की म्याडम, तुमची पेटी बरी हाय. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी नको म्हटलं तरी ऐकायचे नाहीत.

आठवड्यातून एकदा मी डेटा उतरवायला जायचे. तो बुधवार होता. सकाळचे साडेदहा झाले असतील. गाव ढगात बुडालेलं, पण पावसाळ्यात तिथे ते रोजचंच. मावशी आत भाकऱ्या थापत होत्या. भाऊ फडकं घेऊन खांबाकडे गेले आणि दहा पावलांत दिसेनासे झाले. मी मागच्या भिंतीपाशी ओट्यावर लॅपटॉप उघडून आकडे बघत होते. तिथे कणांचा आकडा कायम हजारांत असतो. बघता बघता तो शून्य झाला.

मला वाटलं पंप बंद पडला. पण पंप चालू होता, हवा आत जात होती. फक्त त्या हवेत काहीच नव्हतं.

मी मान वर केली. खांबाभोवतीचा ढग गेला होता... एखाद्या खोलीएवढी जागा स्वच्छ, आणि बाकी सगळीकडे पांढरं. भाऊ मला इतके स्पष्ट दिसले की सदऱ्याची बटणं मोजता आली असती. त्यांनी डाव्या हाताने खांब धरला होता. उजवा हात नुसता लोंबत होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ते मला काहीतरी सांगत होते, पण आवाज येत नव्हता.

अर्धांगाचा झटका आहे हे मला तिथूनच कळलं. मी धावले.

तीस पावलं हो. किती वेळ लागतो? मी धावत राहिले. पायाखाली कातळ लागत होता, दम लागला, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं — आणि भाऊ तेवढेच लांब. मी हाका मारल्या. मावशींना हाका मारल्या. भाऊंचे डोळे माझ्याकडे लागलेले. मग त्यांचा खांबावरचा हात हळूहळू सुटायला लागला. ते मागे जाताहेत हे मला दिसत होतं, आणि मी फक्त बघू शकत होते. त्यांचं डोकं कातळावर आपटलं. त्याचाही आवाज आला नाही.

पुढच्या क्षणी त्या मोकळ्या जागेत ढग परत भरला आणि दोन पावलांत मी खांबावर आदळले.

शेजाऱ्यांच्या जीपमधून त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टर म्हणाले, झटका तसा सौम्य होता, डोक्याला मार लागलाय तो वाईट आहे. पडताना कुणी धरलं असतं तर... त्यांनी विचारलं, तेव्हा जवळ कोण होतं? मी म्हटलं, मी.

बाहेर बाकावर मावशी माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांच्या हाताला अजून पीठ होतं.

"म्याडम, तुमी भिंतीपाशीच का उभ्या ऱ्हायल्या?"

"मी धावत होते मावशी."

"न्हाई. मी खिडकीतनं बगत हुते. तुमच्या म्होरं सगळा ढगच. तुमी जागच्या हालल्या न्हाईत. मला वाटलं, कायतरी मोजताय."

मी मारलेल्या हाकाही त्यांनी ऐकल्या नव्हत्या. त्या रागावून बोलत नव्हत्या, आणि तेच मला सहन होईना. मी फोन काढला. त्यात पावलं मोजली जातात, आणि तेवढ्या वेळात हजाराच्या वर पावलं दिसत होती. पण नवरा आत तसा पडलेला असताना त्या बाईला मी काय दाखवणार होते? फोन परत खिशात ठेवला.

मी भीतीने थिजले आणि धावल्याचा नुसता भास झाला, असं एका डॉक्टर मैत्रिणीचं म्हणणं आहे. ते खरं निघालं तर मी आनंदाने मान्य करेन. पण यंत्राला भीती वाटत नाही. त्यात अकरा मिनिटं शून्य नोंदलं गेलंय. यंत्र तपासून घेतलं, त्यात काही बिघाड नाही. आणि मी नखशिखांत भिजले होते, भाऊंचा सदरा मात्र कोरडा होता. आमच्या सरांनी तो डेटा खराब म्हणून काढून टाकायला सांगितला. मी काढला. आलेखात आता तिथे रेघ थोडी तुटलेली दिसते, बस.

भाऊंची वाचा गेली ती आलीच नाही. समजतं सगळं. जानेवारीत भेटायला गेले, तेव्हा ते अंगणात बाजेवर उन्हाला पडले होते. मला बघून डावा हात कपाळाशी नेला — जयभीम. मी बाजेच्या कडेला बसले आणि इतके महिने अडलेलं शेवटी विचारलं.

"भाऊ, त्या दिवशी मी तुम्हाला दिसत होते?"

त्यांनी मान हलवली, हो.

"मी काय करत होते?"

त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं गोधडीवर ठेवली आणि चालवली. भरभर, पळाल्यासारखी. मला रडूच फुटलं. मावशी दारातून जवळ आल्या, ती बोटं बघत राहिल्या. बोटं भाऊंच्या छातीपासून निघून गुडघ्याकडे चालली होती.

मावशींनी वाकून विचारलं, "तुमच्याकडं येत हुत्या का?"

भाऊंनी नकारार्थी मान हलवली. मग तोच हात मुश्किलीने खांद्यावरून मागे नेऊन स्वतःच्या पाठीला लावला, आणि माझ्याकडे बोट केलं.

त्यांना माझी पाठ दिसली होती. मी त्यांच्यापासून लांब पळत होते.

तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नाहीये. यापलीकडे मला काही सांगता येत नाही. मावशींनी चहा दिला. मी कप विसळून ठेवला आणि निघाले. फाटकापर्यंत जाताना भाऊ माझ्याकडे बघत होते का, मला माहीत नाही. वळून बघायची हिंमत झाली नाही.