मुकादमावरचं प्रकरण

मनुष्यबळ व्यवस्थापन हे भारदस्त नाव साठच्या दशकात आमच्या विषयाला मिळालं नव्हतं. धुळ्याला बी.ए., पुण्याला एम.ए. करून मी पीएच.डी.ला लागलो, तो विषय होता कामगारांची भरती आणि देखरेख. अभ्यासासाठी नंदुरबारची एक कापसाची जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, निवडला, कारण तिथले मुकादम माझे वडीलच होते. त्यांच्या शब्दावर परवानगी मिळाली. मॅनेजरची अट एकच : जे लिहाल त्याची प्रत इथे द्यायची.

आबांना अक्षरओळख नव्हती. हंगामात रोज सकाळी फाटकाशी उभं राहून कोणाला आत घ्यायचं ते ठरवायचे. कोणाला दिवस गेलेत, कोणाला रुईच्या धुळीनं धाप लागते, सगळं तोंडपाठ; त्याप्रमाणे बायकांना जागा द्यायचे. आमच्या कोरीट गावच्या बायकांना मात्र आधी घ्यायचे, हेही खरं. मी पडलो शहाणा. धाप माझ्या तक्त्यात बसेना म्हणून सोडून दिली, कोरीट बरोबर बसलं. 'भरती एका अशिक्षित माणसाच्या मर्जीवर चालते. कारखान्याने ती थेट करावी,' असं ठोकून दिलं. मार्गदर्शक खूश झाले.

टाइप केलेलं प्रकरण घेऊन घरी आलो तेव्हा आबांनी विचारलं, "त्यामा मन्हं नाव शे का रे?"

"नाव नई शे, आबा."

"मंग बरं शे," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी ती प्रत स्वतःच मॅनेजरच्या टेबलावर ठेवून आले.

पुढच्या हंगामात फाटकाशी खिडकी उघडली, आत कारकून बसला. आबांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी धावत मॅनेजरकडे गेलो, अक्षरशः पाया पडलो.

"साहेब, ते फक्त पदवीसाठी लिहिलंय हो."

"खोटं लिहिलंय का?" त्यांनी विचारलं.

आबा तरी रोज सकाळी जाऊन फाटकासमोरच्या निंबाखाली बसत. आठ दिवसांनी राखणदारानं तिथूनही उठवलं. मग ते घराबाहेरच पडेनात. मला एका शब्दानं बोलले नाहीत. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी सुटलो असतो.

पुण्याला जाऊन मार्गदर्शकांना सगळं सांगितलं, प्रकरण बदलू द्या म्हणून विनवलं. ते म्हणाले, संशोधनात भावना आणू नका, आणि शिष्यवृत्तीची मुदतही संपत आली आहे. एक तळटीप सोडली तर मी प्रबंध तसाच सादर केला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. तेच प्रकरण उघडून म्हणाले, "मुकादम पद्धत नंतर बंद झाली, असं तळटीपेत लिहिलंय तुम्ही. त्या मुकादमाचं पुढे काय झालं?"

मार्गदर्शक माझ्याकडे बघत होते.

"ते या अभ्यासाच्या मर्यादेबाहेर आहे, सर," मी म्हणालो.

"बरोबर," म्हणत त्यांनी पान उलटलं.