एका हाताचा नेम

वलवणला आमच्या शेजारी राहणाऱ्या आबांची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा त्यांची एअरगन कपाटावर गेली. यंदा त्यांनी ती पुन्हा खाली काढायला लावली. आता पडवीत खुर्ची, पुढे जुनं शिलाई मशीन, त्यावर वाळूची पिशवी आणि पिशवीवर गन. समोर भिंतीशी चिंध्या ठासलेलं चिक्कीचं खोकं.

छर्रा भरायला गनची नळी जोर लावून वाकवावी लागते. तेवढ्यासाठी मी रोज चारला जातो. आबा तीनपासूनच चष्मा पुसत बसलेले असतात. छर्रा मात्र तेच घालतात. बोटातून निसटला आणि मी उचलायला वाकलो, की म्हणतात, "ऱ्हाऊ द्या मास्तर, दुसरा हाय." नेम लागला की नुसता मिशीवरून हात फिरवतात.

परवा माझा खांदा धरला होता. नळी वाकवताना मी दात आवळले. आबांनी तेवढा एक छर्रा मारला आणि चष्मा काढून ठेवला.

"ठिवा आत. आज उजेड न्हाई नीट."

गन ठेवून मी बाहेर आलो. अंगणात डोळे दिपतील असं ऊन होतं.