फोर पॉइंट झीरोचं कौतुक

कुवेतमध्ये मंगफ भागात राहणाऱ्या ताईकडे शुक्रवारी जेवायला गेलो की दाजी पाणी विचारायच्या आधी भाचीचा जीपीए सांगायचे. फोर पॉइंट झीरो, म्हणजे सगळ्या विषयांत ए. दाजी मूळचे नाशिकचे, इथे तेलकंपनीत इंजिनिअर. पोरीला त्यांनी अमेरिकन शाळेत घातलं, कारण इंडियन शाळेत म्हणे नुसती मार्कांची हाव. आणि या गृहस्थांनी अमेरिकन शाळेतही मार्कांखेरीज काही पाहिलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

भाचीला इंग्लंडला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं. ते तिने स्वतः ठरवलं होतं, कुणी डोक्यात भरवलं नव्हतं. अकरावीत तिने एपी केमिस्ट्री घेतली. एपी म्हणजे शाळेतच शिकवलेला कॉलेजच्या तोडीचा विषय, परीक्षा मात्र बाहेरची. पहिल्याच चाचणीत बी आला आणि घरात सुतक पडलं. दाजी शाळेत गेले, केमिस्ट्री काढून टाकली आणि त्या जागी सिरॅमिक्स लावून आले. मातीची भांडी! पोर दोन दिवस जेवली नाही. मी बोलायला गेलो तर म्हणाले, तुम्ही शर्कच्या तुमच्या ट्रॅव्हल ऑफिसात बसून तिकिटं काढा, इथली सिस्टिम वेगळी आहे. ताई पोळ्या लाटत राहिली. तिचाही मला तेव्हा राग आला.

पुढे वर्षभर आम्हाला तिच्या वाकड्या वाडग्यांतून दही वाढलं गेलं. दाजी वाडगा उलटा करून पाहुण्यांना दाखवत. यालासुद्धा ए आहे, म्हणत. पाहुणेही सगळे आपलेच, पुण्या-मुंबईचे शिकलेले लोक. एकानेही विचारलं नाही की डॉक्टर होणाऱ्या मुलीला मडकी कशाला. माना डोलावत श्रीखंड खात राहिले.

बारावीत तिने अर्ज केला. विद्यापीठाने सरळ कळवलं की नुसत्या अमेरिकन डिप्लोमावर मेडिकलला प्रवेश नाही. एपी बायॉलॉजी आहे ते ठीक, पण एपी केमिस्ट्री हवीच. जीपीएबद्दल कौतुकाचा एक शब्द नव्हता. दाजींनी तिकडे फोन लावून आमची मुलगी टॉपर आहे हे तीनदा सांगितलं. पलीकडच्या बाईने तिन्ही वेळा विचारलं, केमिस्ट्री आहे का?

शुक्रवारी मी गेलो तेव्हा दाजींनी तोडगा काढलेला होता. बिझनेस मॅनेजमेंट. तिथे हाच जीपीए चालतो, वर्ष वाया जात नाही आणि पाहुण्यांसमोर मान खाली जात नाही.

भाची वाडगे धूत होती. हात पुसून बाहेर आली.

"बाबा, आय ॲम टेकिंग अ इयर. केमिस्ट्री करणार, मग परत अप्लाय."

"वर्षभर घरी? आणि लोकांना काय सांगायचं?"

"सांगा, नापास झाले. त्यांना तेवढंच कळतं."

मला वाटलं, आता तरी हा माणूस वरमेल. केमिस्ट्री कुणी काढली, हे निदान स्वतःशी तरी कबूल करेल. दाजींनी आधी दाराकडे पाहिलं, शेजारच्यांनी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हा शब्द या घरात पुन्हा काढू नकोस."